छोट्या वॅगनवरची अक्षरं सांगतात साल! मॉडेल रेल्वेमागचं गणित काय?

मॉडेल रेल्वेची वॅगन बनवताना चाकं, दरवाजे अचूक जमले, तरी अक्षरं चुकली की सगळं फसतं. असं का?

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं उदाहरण घ्या. १९२०च्या दशकात तिच्या वॅगनवर ‘जी डब्ल्यू’ ही अक्षरं १६ इंच उंच असत. १९३६मध्ये ती ५ इंचांवर आली. तिथल्या लोकप्रिय ‘ओओ’ स्केलमध्ये १ फूट म्हणजे ४ मिलिमीटर. त्यामुळे मॉडेलवर मोठं अक्षर ५.३ मिलिमीटरचं, तर छोटं जेमतेम १.७ मिलिमीटरचं.

१९३०च्या स्टेशनात छोटी अक्षरं दिसली, तर ती चूकच. १९३८च्या स्टेशनात मात्र दोन्ही चालतात, कारण जुन्या वॅगन पुन्हा रंगवेपर्यंत तशाच धावत.

अक्षरं लावतात कशी?

रंग वाळल्यावर आधी चकचकीत वार्निश देतात. मग मुलांच्या पाण्याच्या टॅटूसारखी अक्षरं भिजवून सरकवतात. खरखरीत रंगावर लावली, तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेवटी मॅट वार्निश.

पुरावा कुठला?

तारीख असलेला जुना फोटो. वॅगनची लांबी माहीत असली की अक्षरांची उंची प्रमाणावरून निघते. कृष्णधवल फोटोतून रंग कळत नाही, साल मात्र पकडता येतं.