ऑर्डर येतात, पण पैसे उरत नाहीत? छोट्या व्यवसायाची वेबसाइट नफ्यात आणण्याचं गणित

वेबसाइट सुरू झाली की पहिले काही आठवडे मजेत जातात. नातेवाईक, मित्र ऑर्डर देतात. व्हॉट्सॲप स्टेटसवर लिंक फिरते. मग फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात सुरू होते आणि ऑर्डरही वाढतात. सहा महिन्यांनी खातं बघितलं, तर शिल्लक मात्र जिथल्या तिथे.

अशा वेळी पहिला संशय येतो तो होस्टिंगच्या खर्चावर किंवा ‘साइटवर लोकच कमी येतात’ यावर. खरी गळती बहुतेक वेळा एका ऑर्डरच्या हिशेबात असते. ती कशी शोधायची, ते समजून घेऊया.

एका ऑर्डरमागे किती उरतात?

समजा, कोल्हापुरातलं एक कुटुंब वेबसाइटवरून कांदा-लसूण मसाला विकतं. एक किलोचा दर ६०० रुपये, कुरिअर मोफत. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे आकडे टाकून बघा.

- मिरची, खोबरं, लसूण, कांडप आणि घरच्यांची मजुरी : ३३० रुपये
- खोका आणि पॅकिंग : २५ रुपये
- कुरिअर : ९० रुपये
- पेमेंट गेटवे (२ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी) : सुमारे १४ रुपये

उरले १४१ रुपये. हे अजून जाहिरातीच्या आधीचे आहेत.

आता जाहिरात. एका क्लिकला ३ रुपये पडतात असं धरू. १,००० लोक साइटवर आणायला ३,००० रुपये लागले आणि त्यातल्या २० जणांनी खरेदी केली. म्हणजे एक ग्राहक पडला १५० रुपयांना. हातात उरणार होते १४१. प्रत्येक नव्या ऑर्डरवर ९ रुपये तोटा! जाहिरातीचं बजेट दुप्पट केलं, तर तोटाही दुप्पट होईल.

डोमेन, होस्टिंग, साइटची देखभाल असा वर्षाचा खर्च १८,००० रुपये धरला, तर तो भरून काढायला जाहिरातीशिवाय आलेल्या १२८ ऑर्डर पुरतात. महिन्याला साधारण ११. म्हणजे खरा अडसर होस्टिंग नाही, ग्राहक मिळवण्याचा खर्च आहे.

पहिला उपाय : आलेला माणूस परत जाऊ देऊ नका

वरच्या उदाहरणात १,००० पैकी २० ऐवजी ३० जणांनी खरेदी केली, तर एक ग्राहक १०० रुपयांना पडतो आणि ९ रुपयांच्या तोट्याऐवजी ४१ रुपये नफा होतो. जाहिरातीवर एक रुपयाही जास्त न घालता.

त्यासाठी आधी स्वतःच्या साइटवर मोबाइलवरून, वायफाय बंद करून एक ऑर्डर देऊन बघा. पान उघडायला वेळ लागतो का? जड फोटो हे त्याचं नेहमीचं कारण. गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर ते फुकट तपासता येतं. खरेदीसाठी आधी खातं उघडायची सक्ती आहे का? कुरिअरचे पैसे शेवटच्या पानावर अचानक दिसतात का? फोन नंबर, पत्ता, माल परत घेण्याचे नियम सहज सापडतात का? २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही ही माहिती ग्राहकाला देणं अपेक्षित आहे. अनोळखी साइटवर पैसे भरताना माणूस आधी हेच शोधतो.

दुसरा उपाय : ऑर्डर मोठी करा

दोन किलोची ऑर्डर आली, तर १,२०० रुपयांतून माल ६६०, पॅकिंग ३५, कुरिअर १४० आणि गेटवेचे २८ रुपये जाऊन ३३७ उरतात. जाहिरातीचे १५० वजा केले तरी १८७ रुपये हातात. कारण ग्राहक आणण्याचा खर्च तेवढाच राहतो आणि कुरिअर दुप्पट होत नाही.

म्हणून सरसकट मोफत कुरिअर देण्याऐवजी ‘दोन किलोवर कुरिअर मोफत’ असं ठेवा. एकच किलो घेणाऱ्याकडून थोडे पैसे घ्या, पण ते उत्पादनाच्या पानावरच स्पष्ट लिहा.

तिसरा उपाय : जुना ग्राहक सांभाळा

पहिल्या ऑर्डरला ९ रुपये गेले, तरी तोच माणूस तीन महिन्यांनी स्वतःहून परत आला तर १४१ रुपये पूर्ण तुमचे. छोट्या साइटचा नफा बहुतांशी इथेच असतो.

मसाला, तूप, साबण अशा संपणाऱ्या वस्तूंमध्ये हे सोपं आहे. कोणी कधी किती घेतलं याची नोंद ठेवा आणि संपायच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवा. परवानगी घेऊनच. रोज ऑफर पाठवणारा नंबर लोक ब्लॉक करतात.

फुकट येणारा ग्राहकही वाढवता येतो. गुगल बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. कोणते शब्द शोधून लोक साइटवर आले, ते ‘सर्च कन्सोल’ फुकट दाखवतं. लोक मराठीत शोधत असतील, तर उत्पादनाची माहितीही मराठीत हवी.

परत येणारं पार्सल

कॅश ऑन डिलिव्हरीत ग्राहकाने दार उघडलंच नाही, तर जायचे ९०, यायचे ९० आणि पॅकिंगचे २५ असे २०५ रुपये बुडतात. एक परत आलेलं पार्सल जवळपास दीड ऑर्डरचा नफा खातं. पाठवण्याआधी फोन करून खात्री करा किंवा थोडी रक्कम आगाऊ घ्या. जुन्या ग्राहकांकडून थेट यूपीआयने पैसे घेतले, तर गेटवेचं शुल्कही वाचतं.

हेही लक्षात ठेवा

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र मसाल्यासारखा करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी आवश्यक ठरते. वेबसाइटवर बेळगाव किंवा इंदूरहून ऑर्डर येऊ शकते. त्यामुळे सीएशी आधीच बोला. खाद्यपदार्थ असतील, तर एफएसएसएआयचा क्रमांकही हवा.

सुरुवात कुठून कराल?

मागच्या २० ऑर्डर वहीत लिहा. प्रत्येकीपुढे माल, पॅकिंग, कुरिअर, गेटवे, जाहिरात आणि परतीचा खर्च मांडा. शेवटचा आकडा उणे येत असेल, तर जाहिरातीचं बजेट वाढवू नका. आधी कुरिअरचा दर आणि किमान ऑर्डर बदला, जुन्या ग्राहकांना मेसेज करा आणि महिन्याने पुन्हा २० ऑर्डर मोजा. एका ऑर्डरमागे पैसे उरायला लागले की मगच ऑर्डर वाढवण्यात अर्थ आहे.