चारचाकीचा खरा हिशेब

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील नोकरदार मनुष्य आयुष्याचा मोठा भाग पश्चिम रेल्वेच्या डब्यात उभ्याने घालवतो. तरीही अलीकडे त्याच्या घरात एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. मुले मोठी झालेली असतात, आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे असते, लग्नकार्याला गावी जायचे असते. अशा वेळी छोटी मोटार घ्यावी असे घरात ठरते. मग वाद सुरू होतो: नवी घ्यावी की वापरलेली? नवी म्हणजे उधळपट्टी आणि जुनी म्हणजे काटकसर, असे एक सोपे समीकरण मध्यमवर्गाच्या मनात पक्के बसले आहे. हिशेबाची वही उघडली, की हे समीकरण नेहमीच टिकते असे नाही.

या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या किमतीत शोधणे हीच मुळात चूक आहे. गाडी वर्षाला किती धावणार, ती किती वर्षे घरात राहणार आणि तिच्यासाठीचा पैसा शिलकीतला की कर्जाऊ, या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. त्या ठरल्या, की नवी-जुनीचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

पहिली गोष्ट धावेची. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडी आहे. लोकल ती काही मिनिटांत ओलांडते. मोटारीला मात्र महामार्ग गाठून वर्सोवा पुलावरून वळसा घालावा लागतो आणि काही मिनिटांच्या अंतराचे पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्याने हा वळसा टाळण्याची सोय झाली. परंतु ती रोजच्या कचेरीची वेळ गाठून देणारी लोकल नव्हे. तात्पर्य, इथल्या शिक्षकाची वा कारकुनाची मोटार कामावर जात नाही. ती रविवारी, सणासुदीला आणि अडीअडचणीला निघते. अशी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर धावली तरी पुष्कळ झाले.

या एका आकड्याने बाजारातील अनेक युक्तिवाद निकालात निघतात. जुनी गाडी लिटरला सोळा आणि नवी वीस किलोमीटर देते असे मानले, तर चार हजार किलोमीटरला अनुक्रमे २५० आणि २०० लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव शंभर रुपये धरल्यास वर्षाचा फरक अवघा पाच हजार रुपयांचा. इंधनाच्या बचतीसाठी म्हणून दोन-अडीच लाख रुपये जास्त मोजणारा मनुष्य ती रक्कम पेट्रोलमधून कधीच वसूल करू शकणार नाही. सीएनजीसाठी वाढीव किंमत देण्याचेही तसेच आहे. जिचे चाक रोज फिरते तिला ती परवडते. आठवडाभर इमारतीखाली उभी राहणारी गाडी ती भरून काढण्यास फार वर्षे घेते.

कमी धावणाऱ्या गाडीचा खरा खर्च म्हणजे तिचा घसारा. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचा जो रूढ तक्ता आहे, त्यात पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत १५ टक्के, दुसऱ्याच्या अखेरीस २०, तिसऱ्याच्या ३०, चौथ्याच्या ४० आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५० टक्के मूल्य वजा होते. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर पडतो. तो पहिला मालक भरतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली, तर दुसऱ्याला तो पुन्हा भरावा लागत नाही.

समजा, नवी छोटी गाडी सर्व करांसह सहा लाखांना पडली आणि पाच वर्षांनी तीन लाखांना गेली. वर्षाला साठ हजार रुपये गळाले. तशीच चार वर्षांची गाडी ३ लाख ६० हजारांना घेऊन पाच वर्षांनी १ लाख ८० हजारांना विकली, तर गळती ३६ हजारांची. दुरुस्तीला वर्षाकाठी दहा हजार जादा धरले, तरी जुनी चौदा हजारांनी स्वस्त पडते. आता हीच नवी गाडी पंधरा वर्षे सांभाळली आणि शेवटी तिचे चाळीस हजार आले असे धरू. वर्षाची गळती सुमारे ३७ हजारांवर येते. जुनी गाडी तशाच वयापर्यंत, म्हणजे अकरा वर्षे ठेवली तर ती २९ हजार होते. त्यात जादा दुरुस्तीचे दहा हजार मिळवले, की फरक उरतच नाही. म्हणून दर पाच वर्षांनी गाडी बदलण्याची हौस असलेल्याने वापरलेली घ्यावी हे उत्तम. पण एकदाच घेऊन ती झिजेपर्यंत वापरणाऱ्याने नवी घेतली, तर त्याला उधळ्या म्हणण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची, आणि फसगत बहुधा इथेच होते. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या गाडीपेक्षा चढा असतो. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर व्याज सुमारे १ लाख २३ हजार होते. तीन लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी घेतले, तर तेच व्याज १ लाख १९ हजारांच्या घरात जाते. म्हणजे दोन लाख कमी उचलूनही व्याज जवळपास तेवढेच! जुनी गाडी शिलकीतून घेतली तरच ती काटकसर. हप्त्यांवर घेतली, की काटकसरीचा मोठा वाटा सावकाराच्या पदरात पडतो.

हिशेबाला एक ताजे वळणही मिळाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर तिच्या जुन्या भावंडाची किंमतही उतरली पाहिजे. पूर्वीच्या नव्या किमतीवर वजावट करून जो विक्रेता भाव सांगतो, त्याच्याशी आजच्या नव्या किमतीवरूनच बोलावे.

पैशाखेरीज प्रश्न उरतो तो गाडीच्या प्रकृतीचा, आणि वसईत त्याला स्थानिक रंग आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरांत अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात उभी राहिलेली मोटार पुसूनपासून पुन्हा बाजारात येऊ शकते. बाहेरचा रंग पाहून हे कळत नाही. पायाखालचे आच्छादन उचलून पाहावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते तपासावे. सीटचे बोल्ट आणि जादा चाकाची जागा गंजली आहे का ते बघावे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यालगत वाढलेल्या गाडीचा तळचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असू शकतो. ओळखीच्या मेकॅनिकला शे-पाचशे रुपये देऊन गाडी वर उचलून दाखवणे हा खर्च नव्हे, विमा आहे. एरवी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हे ठरलेलेच.

वयाच्या बाबतीत एक मर्यादा मात्र पैशासाठीही ओलांडू नये. चालकासाठी हवेची पिशवी १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२२ च्या आरंभापासून. त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ही सोय नव्हती. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहनांच्या रांगेतून कुटुंब नेणाऱ्याने लाखभर रुपये वाचवण्यासाठी ती सोडावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि पर्यावरण कर निराळा. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती या कारणांनीही.

कागदपत्रांबाबत आपल्याकडे भिडस्तपणा फार. शेजाऱ्याची वा सहकाऱ्याची गाडी घेतली, की नाव बदलणे 'सावकाश करू' म्हणून राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदवहीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणून नमुना २९ व ३० भरून हस्तांतर होईपर्यंत विकणाऱ्याची सुटका नाही. कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा नोंदीतून उतरला आहे का, हे घेणाऱ्याने पाहावे. विमाही आपल्या नावे करून घ्यावा. विनादाव्याची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाचीच राहते. परराज्यातील गाडी कितीही स्वस्त दिसो, तिच्यामागे ना-हरकत दाखला आणि इथला कर उभा असतो.

एवढे सारे मांडल्यावर वसई-विरारच्या सामान्य नोकरदारासाठी निष्कर्ष असा निघतो: हाती शिल्लक असेल, तर याच राज्यात नोंदलेली, एकाच मालकाने वापरलेली, तीन-चार वर्षांची गाडी घ्यावी. कर्ज काढणे भागच असेल आणि गाडी पंधरा वर्षे ठेवण्याची तयारी असेल, तर नवी घ्यावी. आणि वर्षाची धाव हजार-दीड हजार किलोमीटरांपलीकडे जाणार नसेल, तर दोन्हींचा नाद सोडून गरजेला भाड्याची गाडी करावी. वर्षाचा घसारा, विमा आणि देखभाल यांच्या बेरजेत अशा कितीतरी फेऱ्या होतात.

हा तिसरा पर्याय घरात सहसा बोलला जात नाही, कारण मोटार ही वाहनापेक्षा प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. प्रतिष्ठेची हौस असण्यात गैर काही नाही. पण तिला काटकसरीचे नाव देऊ नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सारेच जाणतात. मोटारीच्या बाबतीत ते अंथरूण खरेदीच्या दिवशी न मोजता पुढच्या दहा वर्षांचे मोजले, म्हणजे झाले.