स्टोमा बंद करण्याची शस्त्रक्रिया : पूर्वकर्म, पश्चात्कर्म आणि वैद्याची जबाबदारी

आंत्रिक ज्वर किंवा क्षयामुळे आतड्यास पडलेले छिद्र, आतड्याचा पीळ, बैलाच्या शिंगाने अथवा अपघाताने झालेली पोटाची जखम, तसेच गुदाचा कर्करोग अशा कारणांनी अनेक रुग्णांच्या पोटावर मलमार्ग काढावा लागतो. लहान आतड्याचे तोंड बाहेर काढल्यास त्यास इलिओस्टॉमी व मोठ्या आतड्याचे काढल्यास कोलोस्टॉमी म्हणतात. यांतील बरेच स्टोमा तात्पुरते असतात. तथापि 'पिशवी लावून जगणे चालले आहे, पुन्हा पोट कशाला फाडायचे' या भीतीने किंवा पाठपुरावा सुटल्याने कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे तसेच राहतात. शल्यचिकित्सकाकडे वर्षातून दोनदा जाणारा हा रुग्ण गावातील वैद्याकडे व औषधी दुकानात मात्र दर आठवड्यास येतो. म्हणून या विषयाची माहिती आपणास असणे अगत्याचे आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात बद्धगुदोदर व परिस्रावी उदर यांवर उदरपाटन सांगितले आहे. नाभीच्या खाली डावीकडे छेद घेणे, आंत्र बाहेर काढून तपासणे, अवरोध दूर करणे, छिद्र मुंग्यांच्या दंशाने जोडणे, नंतर बाहेरील व्रण शिवणे आणि रुग्णास निवात स्थानी ठेवून दुग्धाहार देणे, असा क्रम तेथे आहे. स्टोमाचे वर्णन तेथे नाही. परंतु जोडलेल्या आंत्रास विश्रांती व लघु आहार हवा, हे तत्त्व मात्र आजही तेच आहे.

केव्हा बंद करतात?

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः आठ ते बारा आठवड्यांनी विचार सुरू होतो. प्रत्यक्षात तीन ते सहा महिने, आणि केमोथेरपी चालू असल्यास अधिक काळही लागतो. पोटातील शोथ शमणे, चिकटलेली आतडी मोकळी होणे व रुग्णाचे बल वाढणे यासाठी हा काळ आवश्यक असतो. आंत्रक्षय असल्यास त्याचे औषध नियमित चालू आहे ना, हे आपणही विचारावे. लूप इलिओस्टॉमी बहुधा स्टोमाभोवतीच्या लहान छेदातून बंद होते. हार्टमन शस्त्रक्रियेनंतर आंत्र पुन्हा जोडणे हे मात्र मोठे कर्म आहे. हा भेद नातेवाइकांस समजावून सांगावा.

पूर्वकर्म

शल्यचिकित्सक पुढील आंत्रभागात औषध सोडून क्ष-किरण तपासणी करतात, दुर्बिणीने जोड पाहतात व गुदसंकोचक स्नायूंचे बल तपासतात. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनीन, सोडियम व पोटॅशियम तपासले जातात. वैद्याचे काम यास पूरक आहे : पांडू व कृशता दूर करणे, मधुमेह नियंत्रित ठेवणे, किमान चार आठवडे आधी तंबाखू व धूम्रपान बंद करविणे आणि गुदसंकोचनाचा व्यायाम रोज करवून घेणे.

चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली, जलक्षय. इलिओस्टॉमीतून रोज अर्धा ते पाऊण लिटर द्रव जातो. तो दीड लिटरच्या वर गेल्यास मूत्रपिंडास धोका संभवतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा हा धोका वाढतो. माझ्याकडे आलेला एक शेतकरी रुग्ण दिवसभर भरपूर साधे पाणी पीत होता, तरी पोटऱ्यांत गोळे येत होते व मूत्र अल्प झाले होते. नुसत्या पाण्याने स्राव वाढून लवण अधिकच जाते. त्यास ओआरएस सुरू करून तातडीने रुग्णालयात पाठविले. तेथे क्रिएटिनीन वाढलेले आढळले.

दुसरी, विरेचन. स्टोमा असणाऱ्यास त्रिवृत्, सोनामुखी, जयपालयुक्त कल्प देऊ नयेत. स्टोमा असताना गुदमार्गाने पांढरा श्लेष्मा पडतो. ती प्रवाहिका नव्हे. आंत्राच्या बंद भागाचा तो स्वाभाविक स्राव आहे.

तिसरी, औषधे. गुग्गुळ, लसूण व हरिद्रा यांचे तीव्र कल्प रक्तस्राव वाढवू शकतात. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटू शकते. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांनी भूलीच्या औषधांचा परिणाम वाढण्याची शक्यता असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे अशी औषधे थांबवावीत आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी रुग्णाच्या हाती लेखी द्यावी. ॲस्पिरिन वा वॉरफॅरिन मात्र शल्यचिकित्सकास विचारल्याविना बंद करू नये.

चौथी, त्वचा. स्टोमाभोवती तेल, तूप वा मलम लावल्यास पिशवी चिकटत नाही, मल झिरपतो व त्वचा अधिकच सोलते. कोमट पाण्याने धुऊन कोरडे करणे व छिद्र योग्य मापाने कापणे हाच उपाय.

औषधी दुकानदारांसाठी

पिशवी देताना स्टोमाचे माप विचारावे, कारण महिन्या-दोन महिन्यांत स्टोमा आक्रसतो. इलिओस्टॉमीच्या रुग्णास हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत. कठीण गुटिका कित्येकदा पिशवीत अखंड सापडते. चूर्ण, सिरप किंवा साधी गोळी चालेल का, हे लिहून देणाऱ्यास विचारावे.

पश्चात्कर्म

आंत्राची गती परत येण्यास काही दिवस लागतात. शल्यचिकित्सकाने तोंडाने घेण्यास अनुमती दिल्यावर पेयादी संसर्जनक्रमाची दृष्टी उपयोगी पडते : मंड, पेया, विलेपी, मुगाचे यूष, नंतर मऊ भात. ज्वारीची भाकरी काही आठवड्यांनी, दुधात वा वरणात कुस्करून द्यावी. हुरडा, मका, शेंगदाणे, सुके खोबरे, पेरूच्या बिया सुरुवातीस टाळाव्यात. ते नीट न चावल्यास अवरोध होऊ शकतो. सहा आठवडे जड ओझे उचलू नये, अन्यथा व्रणस्थानी हर्निया होण्याचा संभव असतो.

प्रारंभी दिवसातून अनेक वेळा मलप्रवृत्ती होते. गुदाचा भाग काढलेल्या रुग्णांत वेग आवरता न येणे, थोड्या थोड्या वेळाने शौचास जावे लागणे हे त्रास वर्ष-दोन वर्षे राहू शकतात. हे आधीच सांगितल्यास रुग्ण खचत नाही. इसबगोल, डाळिंब व ताजे ताक यांचा विचार शल्यचिकित्सकाच्या संमतीने करावा. गुदाची आग होत असल्यास कोमट पाण्याचे अवगाहन व शतधौत घृत द्यावे. येथे पिशवी लावायची नसल्याने घृत चालते. बस्ती मात्र स्वतःच्या निर्णयाने कदापि देऊ नये, कारण नेत्राने नवा जोड फाटू शकतो.

धोक्याची लक्षणे

ज्वर, नाडी वेगवान होणे, वाढते शूल, पोट फुगणे, वारंवार छर्दी, वायू न सरणे, मूत्र अल्प होणे, जखमेतून मलगंधी स्राव. यांपैकी काहीही दिसल्यास जोड सुटण्याची शंका घ्यावी. पहिल्या दहा दिवसांत ही शंका विशेष ठेवावी. अशा वेळी 'वायू अडला' म्हणून हिंग, एरंडतेल वा एनिमा देत वेळ घालविणे म्हणजे रुग्णाचा जीव धोक्यात घालणे होय.

कोठे पाठवावे?

आपल्या भागात नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे शल्यचिकित्सा विभाग आहेत. सध्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या योजनेतून पुढे आली, ती 2012 मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. स्टोमा बंद करण्याचा खर्च त्यात बसतो का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी करण्यास सांगावे. पहिल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत असल्याविना रुग्णास पाठवू नये.

सारांश, स्टोमा बंद करणे हे शल्यचिकित्सकाचे कर्म आहे. रुग्णास तेथपर्यंत सबल अवस्थेत पोहोचविणे, परतल्यावर त्याच्या अग्नीस सांभाळणे आणि उपद्रव वेळीच ओळखणे हे वैद्याचे कर्म आहे. आपल्या चिकित्सालयात असा रुग्ण आल्यास त्याचा स्टोमा तात्पुरता की कायमचा, एवढा एक प्रश्न वैद्यबंधूंनी अवश्य विचारावा. उत्तर त्यास ठाऊक नसेल तर त्यास पुन्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.