हायब्रीड मोटारीचा कूलंट आणि अडकलेली हवा



स्मरणिकेत मोटारीच्या कूलंटवर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जुन्नर-आंबेगाव भागातील पुष्कळ तरुण प्रवासी गाड्यांवर पोट भरतात, काही आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेत आहेत, आणि आता त्यांच्या हाताखाली हायब्रीड गाड्या येऊ लागल्या आहेत. गाडी बहुधा कर्जाची असते. दोन लिटर कूलंट चुकीच्या पद्धतीने भरला म्हणून जे नुकसान होते, ते भरून काढण्यास वर्षभराचे हप्ते पुरत नाहीत. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

भारतात टोयोटाची प्रियस सन २०१० मध्ये विक्रीस आली, पण ती सामान्यांच्या आवाक्यातील नव्हती. सन २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रीड, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या आल्या, त्याच वर्षाअखेर इनोव्हा हायक्रॉस आली, आणि मग पर्यटनाच्या धंद्यातही हायब्रीड दिसू लागली. मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर श्रावणात ती हमखास दिसते. (आपल्या सहली ज्या भीमाशंकर लेण्यांना जातात, ती जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील निराळी. नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये तेथे मंडप व पाण्याची पोढी दान दिल्याचा शिलालेख आहे. घाटातील भीमाशंकरशी तिची गल्लत नवखे चालक नेहमी करतात.)

आता मूळ मुद्दा. साध्या गाडीत कूलंटचा एकच फेरा असतो : इंजिन, रेडिएटर, पुन्हा इंजिन. हायब्रीडमध्ये बहुधा दोन स्वतंत्र फेरे असतात. दुसरा फेरा इन्व्हर्टरचा व विद्युत मोटारीचा. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटारीला लागणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारी पेटी. इंजिनातील कूलंट शंभर अंशांच्या जवळ गेला तरी इंजिनाला बिघडत नाही, परंतु इन्व्हर्टरमधील अर्धवाहकांना त्याहून बराच थंड, साधारण ६५ अंशांच्या आतला कूलंट लागतो. म्हणूनच दोन्ही फेरे वेगळे, टाक्या वेगळ्या, झाकणे वेगळी. एका टाकीत भरले म्हणजे दोन्हीकडे पोहोचले, असे समजू नये.

या दुसऱ्या फेऱ्यात अनेक गाड्यांमध्ये दोन लिटरच्या आसपासच कूलंट असतो, आणि तो फिरविणारा पंप विजेवर चालणारा, लहानसा असतो. हवेची खरी अडचण येथेच आहे. आपल्या शेतकरी वाचकांना ती समजावून सांगावी लागणार नाही. विहिरीवरील मोनोब्लॉक मोटर हवा धरते तेव्हा काय होते? पंखा गरगर फिरतो, आवाज वाढतो, आणि पाईपातून थेंबही येत नाही. पंपात पाणी भरून हवा काढल्याशिवाय ती पाणी उचलत नाही, कारण पाणी बाहेर फेकणारा पंखा हवेत नुसताच फिरतो. लांबच्या पाईपलाईनला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह का बसवितात, तेही ठाऊक आहेच : हवा चढून उंच जागी बसते आणि पाण्याची वाट अडविते. मोटारीतील नळ्याही अशाच वर-खाली वळलेल्या असतात. फरक इतकाच की विहिरीवरची मोटर बंद पडली तर एक पाळी चुकते. येथे इन्व्हर्टर तापतो.

हवा उष्णता किती कमी वाहून नेते याचा एक आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. तापमान एक अंशाने वाढताना पाणी जेवढी उष्णता सामावून घेते, ती तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते. म्हणजे सिलिंडरच्या डोक्याजवळ मुठीएवढी हवा अडकली, तर तेथे थंड करणारे काही नाहीच असे समजावे. त्यातही तापमान मोजणारा सेन्सर त्या पोकळीत उघडा पडला, तर काटा खरे तापमान दाखवीत नाही, आणि चालक निश्चिंत असतो. पुढे हेड वाकणे, गॅस्केट जाणे हे ओघानेच येते.

घाटात याची परीक्षा होते. भीमाशंकरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर. तेथे उघड्यावर पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते. कूलंट व पाणी निम्मे-निम्मे असले तर मिश्रण त्याहून दहा-एक अंश वर उकळते, आणि झाकणाच्या दाबामुळे आणखी पुष्कळ वर. उतारावर तर जुन्या चालकांची समजूत उलटी पडते. त्यांना वाटते, इंजिन बंद म्हणजे सर्व थंड. हायब्रीडमध्ये उतरताना मोटार उलट वीज तयार करून बॅटरी भरते, म्हणजे इन्व्हर्टर कामावरच असतो. आमच्या पाहण्यात अशी एक गाडी आहे. एका गॅरेजात कूलंट बदलून ती थेट घाटात गेली, चढताना ठीक चालली, परतताना हायब्रीड यंत्रणा तापल्याचा इशारा देऊन वळणावर उभी राहिली. गळती कोठेच नव्हती. इन्व्हर्टरच्या नळीत हवा होती, एवढेच.

काम करण्याची पद्धत अशी. गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. शक्य तर सकाळी काम घ्यावे. गरम झाकण उघडल्यास अंगावर वाफ येते, हे सांगणे नको. हायब्रीडचा विशेष धोका निराळा : 'रेडी' दिवा लागलेला असता इंजिन शांत असले तरी ते कधीही आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून यंत्रणा बंद करून चावी गाडीपासून दूर ठेवावी, खिशात ठेवून बोनेटखाली वाकू नये. नारिंगी रंगाच्या केबली उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावू नये. कूलंट बदलण्यासाठी त्या उघडण्याची गरजच पडत नाही.

जुना कूलंट मोजपात्रात काढावा. बहुतेक जण तो नुसता घमेल्यात सोडतात, आणि येथेच अर्धा पुरावा हातचा जातो. दोन फेऱ्यांचे माप वेगवेगळे लिहून ठेवावे. पाच लिटर निघाला आणि नवीन चारच लिटर मावला, तर उरलेले एक लिटर म्हणजे आत बसलेली हवा (किंवा न निघालेली जुनी घाण) होय. यापेक्षा स्वस्त तपासणी आम्हाला माहीत नाही.

भरताना गाडीचे तोंड थोडे वर असावे, त्यायोगे हवा भरण्याच्या तोंडाकडे चढते. चाकांना मागून दगड लावण्यास विसरू नये. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून त्यावर पारदर्शक नळी बसवावी व तिचे दुसरे टोक टाकीत सोडावे. कूलंट बारीक धारेने ओतावा. घाईने ओतल्यास तो स्वतःच बुडबुडे घेऊन आत जातो. नळीतून बुडबुड्यांशिवाय धार आली की स्क्रू घट्ट करावा. मग जाड रबरी होज हाताने दाबून सोडावेत.

इन्व्हर्टरच्या फेऱ्यासाठी यानंतर गाडी 'रेडी' करून पंप चालू द्यावा. ज्या गाड्यांत स्कॅनरने पंप चालविण्याची सोय आहे, तेथे तीच वापरावी. या वेळी कान उपयोगी पडतो. हवा असताना पंप घरघरतो. हवा निघाली की आवाज मंदावतो आणि टाकीत कूलंट फिरताना दिसतो. पातळी उतरेल तसा थोडा थोडा भरत राहावे.

इंजिनाच्या फेऱ्यात अडचण अशी की हायब्रीडचे इंजिन मध्येच बंद होते, मग थर्मोस्टॅट उघडणार कसा? त्यासाठी निर्मात्याने देखभाल-अवस्था दिलेली असते. तिची रीत गाडीगणिक वेगळी, ती सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावी. हीटर पूर्ण गरमवर व पंखा मंद ठेवावा. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचे दोन्ही हात गरम लागतात व हीटरमधून गरम हवा येते. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर हवा अजून आत आहे.

ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यांनी निर्वात करून भरण्याचे साधन घ्यावे, असे आमचे मत आहे. आधी नळ्यांतील हवा ओढून घ्यावयाची, काटा काही मिनिटे स्थिर राहतो की नाही ते पाहावयाचे, मग कूलंट आत ओढू द्यावयाचा. काटा घसरला तर गळती आहे, हे कूलंट ओतण्यापूर्वीच कळते. वरची हाताची पद्धत चुकीची नव्हे, पण तिला संयम लागतो, आणि गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ पाहत असते तेव्हा तो टिकत नाही.

कूलंट कोणता, याबाबत रंगावर विसंबू नये. पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचाच घ्यावा. तयार मिश्रणात पाणी घालू नये. घट्ट प्रकार असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने इन्व्हर्टरच्या अरुंद वाटांत पापुद्रे धरतात. वाटेत 'रेडिएटरमध्ये बाटली ओतू' ही जीपच्या काळातील सवय येथे चालणार नाही.

काम झाल्यावर गाडी लगेच घाटात नेऊ नये. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावी, रात्रभर थंड होऊ द्यावी, व सकाळी दोन्ही टाक्यांची पातळी पाहावी. उतरलेली दिसल्यास तेवढी भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. काढलेला जुना कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेले ऑईल नेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावा. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. कुत्रे, शेळ्या ते चाटतात. ओढ्यात सोडलेले डिंभ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचते.