डेन्मार्कचे सुतार आणि त्यांचा एकोपा

शहरांत बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर एक टेबल, चार खुर्च्या आणि एखादें कपाट करवून घेण्याचा प्रसंग केव्हांना केव्हां येतोच. तो आला म्हणजे गृहस्थ ओळखीच्या सुताराकडे जातो, कोणाकडे तरी पाहिलेल्या खुर्चीचें वर्णन करतो आणि किंमतीची घासाघीस करून परत येतो. शेजारच्या आळींतील दुसरा सुतार तीच खुर्ची अधिक बेतशीर करतो, हें त्याला ठाऊक नसतें. आणि खरें पाहतां त्या दोघां सुतारांनाहि परस्परांच्या कामाची फारशी वार्ता नसते. प्रत्येकजण आपला सांधा, आपलें पॉलिश आणि आपलें गिऱ्हाईक झांकून ठेवतो. कसबाचें गुह्य उघडें पडलें कीं धंदा बुडालाच, अशी या व्यवसायांत फार जुनी समजूत आहे.

ही समजूत कितपत खरी, याची परीक्षा युरोपांतील एका लहानशा देशांत चाळीस वर्षें चालली होती. तो देश डेन्मार्क. आणि परीक्षेस बसलेली मंडळी म्हणजे कोपनहेगन शहरांतील सुतार. घरें बांधणारे सुतार नव्हेत, तर टेबलें, खुर्च्या व कपाटें करणारे नाजूक हातांचे कारागीर.

या सुतारांची श्रेणी १५५४ सालीं स्थापन झाली. श्रेणी हा शब्द आपल्याकडील लोकांना परका वाटूं नये. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील शिलालेख आहे. गोवर्धन येथील विणकऱ्यांच्या दोन श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवावे आणि व्याजांतून लेण्यांतील भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर गरजांचा खर्च चालवावा, अशी व्यवस्था त्यांत नमूद आहे. राजाच्या जांवयानें जिच्यापाशीं विश्वासानें पैसा ठेवावा, अशी पत एकट्यादुकट्या विणकऱ्याची नव्हती. ती त्यांच्या समूहाची होती. युरोपांतील श्रेण्याहि अशाच पतीवर उभ्या होत्या. कामावर उमेदवार कोणीं घ्यावा, तो कुशल कारागीर केव्हां मानावा आणि स्वतंत्र दुकान कोणीं मांडावें, हें सर्व श्रेणी ठरवीत असे. १८५७ च्या कायद्यानें डेन्मार्कमध्यें धंद्याचें स्वातंत्र्य आलें व १८६२ पासून श्रेण्यांची मक्तेदारी संपली. त्यानंतर सुतारांची श्रेणी उरली ती केवळ स्वेच्छेनें एकत्र येणाऱ्या मंडळींची संस्था म्हणून. तिच्या हातीं दंड करण्याची सत्ता राहिली नाहीं. आणि पुढील हकीकतीचें सर्व महत्त्व याच गोष्टींत आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत या सुतारांचे दिवस बिघडले. कारखान्यांत यंत्रावर झालेलें स्वस्त सामान व परदेशांतून येणारा माल यांनीं बाजार भरून गेला. हातानें काम करणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक येईनासें झालें. अशा वेळीं प्रत्येकानें आपापल्या दुकानांत बसून किंमती उतरविल्या असत्या, तर एकामागून एक सगळेच बुडाले असते. श्रेणीनें निराळा मार्ग काढला. १९२७ सालीं तिनें आपल्या सभासदांच्या कामाचें प्रदर्शन भरविलें, आणि तें पुढें दरसाल भरवूं लागली. जर्मन सैन्यानें देश व्यापला होता त्या १९४० ते १९४५ या वर्षांतहि हा क्रम मोडला नाहीं.

आरंभीच्या प्रदर्शनांत पाहण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. जुन्या सरदारी घराण्यांतील नक्षीदार सामानाच्या नकला करण्यांतच पुष्कळांनीं धन्यता मानिली. कसब उत्तम, परंतु कल्पना उसनी, असा तो प्रकार होता. त्यांत बदल झाला तो बाहेरच्या माणसांमुळें. कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमींत १९२४ पासून कोरे क्लिंट हा वास्तुशास्त्रज्ञ लांकडी सामानाची रचना शिकवीत असे. त्याची पद्धत मोठी शिस्तीची. खुर्ची काढण्यापूर्वीं बसणाऱ्या माणसाचीं मापें घ्यावयाचीं. कपाट काढण्यापूर्वीं त्यांत ठेवावयाचे सदरे, ताटल्या व चमचे मोजावयाचे. आणि जुन्या इंग्रजी किंवा चिनी खुर्च्यांची नक्कल न करतां त्या अशा कां झाल्या हें शोधून काढावयाचें. अशा रीतीनें शिकलेल्या तरुणांना कागदावर रेषा काढतां येत होत्या, पण त्या लांकडांत उतरविण्यास हात पाहिजेत. सुतारांपाशीं हात होते, रेषा नव्हत्या. १९३३ पासून श्रेणीनें नव्या आकृत्यांसाठीं दरवर्षीं स्पर्धा जाहीर करण्यास आरंभ केला आणि या दोन पक्षांची गांठ घालून दिली. श्रेणीच्या साऱ्या उद्योगांत याहून शहाणपणाचें दुसरें कृत्य दाखवितां येणार नाहीं.

यांतून जोड्या जमल्या. फिन यूल हा वास्तुशास्त्रज्ञ. त्यानें सुतारकीचें शिक्षण घेतलेलें नव्हतें. १९३७ पासून तो नील्स वोडर या सुताराबरोबर प्रदर्शनांत भाग घेऊं लागला. लांकडाचे नियम ज्याला पाठ नाहींत असा माणूस कित्येकदां अशक्य तेंच मागतो. आणि वोडरसारखा कारागीर अशक्य म्हणून सोडून न देतां तें कसें साधेल याचा विचार करीत बसतो. दोघांपैकीं एकटा कोणीहि त्या खुर्च्या निर्माण करूं शकला नसता. त्यांची प्रत्येक वस्तु लोकांना आवडली असें मात्र नव्हे. १९४० सालीं मांडलेली गुबगुबीत खुर्ची एका टीकाकाराला थकलेल्या वॉलरससारखी दिसली! प्रदर्शन म्हटलें म्हणजे हेंहि सोसावें लागतें. दुकानांत गिऱ्हाईक फार तर पाठ फिरवून जातें. प्रदर्शनांत उणीव वर्तमानपत्रांत छापून येते आणि ती प्रतिस्पर्धीहि वाचतात.

येथें चोरीची भीति कां आड आली नाहीं, असा प्रश्न सहज उद्भवेल. त्याचें उत्तर प्रदर्शनाच्या रीतींतच आहे. बंद दुकानांतील कल्पना कोणी उचलली तर ती पहिल्यानें कोणाची होती याला साक्षी राहत नाहीं. परंतु अमुक वर्षाच्या शरद ऋतूंत अमक्या सुतारानें अमक्या रचनाकाराची खुर्ची मांडली, हें सगळ्या शहरानें पाहिलेलें असतें. दुसऱ्या वर्षीं तिचीच प्रतिकृति घेऊन येणाऱ्याची शोभाच होणार. शिवाय दरवर्षीं नवें कांहीं मांडावयाचें असल्यामुळें कालच्या कल्पनेवर पहारा करीत बसण्यास कोणाला सवडच नसे. सांधा कसा बसविला, वेत कसा विणला, हें शेजारच्या सुतारानें वांकून पाहिलें तरी पाहणाऱ्याचा हात सुधारे आणि दाखविणाऱ्याचें कांहीं जात नसे.

या साऱ्याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९४९ च्या प्रदर्शनांतील एक खुर्ची. तिचा रचनाकार हान्स वेग्नर हा एका चांभाराचा मुलगा. १९१४ सालीं ट्योनर या गांवीं जन्मलेला आणि लहानपणींच सुताराकडे उमेदवारी केलेला. करणारा सुतार योहानेस हान्सेन. खुर्ची दिसावयास अगदीं साधी : चार पाय, वेताची बैठक, आणि पाठीमागून वळून दोन्हीं हातांखालीं येणारी एकच लांकडी कमान. सगळी करामत त्या कमानींत आहे. एवढें वळण सरळ फळींतून एकसंध कापून काढलें, तर वळणाच्या ठिकाणीं लांकडाचे तंतु आडवे तुटतात आणि थोड्याशा जोरानें तेथेंच फट पडते. म्हणून कमान तीन तुकड्यांची करून, तंतु शक्य तितके लांबीच्या दिशेनें ठेवून, तुकडे जोडावे लागतात. पहिल्या खुर्चींत वेग्नरनें हे जोड वेतानें गुंडाळून झांकले होते. पुढें हाताचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तसा दातेरी सांधा त्या ठिकाणीं बसविण्यांत आला. तो इतका सुबक साधला कीं तो झांकण्याचें कारणच उरलें नाहीं, आणि तोच खुर्चीचा अलंकार ठरला.

१९५० सालीं 'इंटीरियर्स' या अमेरिकन मासिकानें या खुर्चीला प्रसिद्धि दिली व तिकडून मागणी सुरू झाली. २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथें केनेडी व निक्सन यांचा दूरचित्रवाणीवर पहिला वादविवाद झाला, तेव्हां दोघांहि उमेदवारांच्या बैठकीसाठीं हीच खुर्ची निवडण्यांत आली होती. कोपनहेगनच्या एका छोट्या कारखान्यांतील हातकाम याप्रमाणें लक्षावधि अमेरिकन घरांत दिसलें. योहानेस हान्सेननें स्वतःच्या पैशानें एवढी जाहिरात करावयाचें मनांत आणलें असतें, तर त्याला सगळें दुकान विकूनहि तें साधलें नसतें.

परंतु मागणी आली म्हणजे नवीच अडचण उभी राहते. खुर्ची उत्तम करणारा सुतार कपाट उत्तम करीलच असें नाहीं, आणि गिऱ्हाइकाला तर सगळें घर सजवावयाचें असतें. ही अडचण एका विक्रेत्यानें सोडविली. आयविन कोल्ड क्रिस्टेन्सेन यानें १९५१ सालीं पांच कारखान्यांना एकत्र आणून 'सेल्सको' नांवाची विक्रीसंस्था काढली. रचना सर्वांसाठीं वेग्नरची. काम मात्र वांटलेलें. ओडेन्सच्या कार्ल हान्सेननें खुर्च्या कराव्या, त्याच गांवच्या आंद्रेयास टुकनें टेबलें, री गांवच्या कारखान्यानें कपाटें, कोपनहेगनच्या ए. पी. स्टोलेननें गादीच्या आरामखुर्च्या, आणि जटलंडमधील गेटामानें पलंग व कोच. या गेटामाचें नांवहि मौजेचें आहे. गेडस्टेड गांवचा समुद्रशैवालाचा व गाद्यांचा कारखाना, या लांबलचक डॅनिश नांवाचीं आद्याक्षरें मिळून तें बनलें; पूर्वीं तेथें समुद्रांतील शैवाल वाळवून त्याच्या गाद्या भरीत असत.

पांचहि कारखाने आपापले मालक राहिले; कोणी कोणाचा नोकर झाला नाहीं. नमुन्यांचें पुस्तक एक, परदेशीं हिंडणारा विक्रेता एक, आणि तरी एकाच घरांत मांडलेल्या पांच ठिकाणच्या वस्तु एका हातच्या वाटाव्या, अशी ही योजना होती. ज्याला जें येतें तेंच त्यानें करावें आणि उरलेलें शेजाऱ्यासाठीं सोडावें, हें बोलावयास सोपें आहे. कपाटाची मागणी दारांत आली असतां ती दुसऱ्याकडे धाडणाऱ्या दुकानदारालाच त्याची किंमत ठाऊक. कार्ल हान्सेनकडे त्या वेळीं सुरू झालेली, पाठीस वाय या इंग्रजी अक्षरासारखा दांडा असलेली खुर्ची आजहि तेथेंच तयार होते. तिच्या बैठकीस कागदाची सुमारे १२० मीटर दोरी लागते व ती हातानें विणावी लागते.

विक्रीच्या बाबतींत आणखीहि प्रयत्न झाले. काय बोयेसेन प्रभृति कलावंतांच्या पुढाकारानें १९३१ सालीं कोपनहेगनमध्यें 'डेन पर्मनेंट' नांवाचें बारमाही प्रदर्शन उघडलें. परीक्षकांनीं पसंत केलेलाच माल तेथें विक्रीस ठेवीत, त्यामुळें अनोळखी गिऱ्हाईकहि निर्धास्तपणें घेई.

आतां या चित्राची दुसरी बाजू. श्रेणीच्या प्रदर्शनांतील खुर्च्या महाग असत. सामान्य डॅनिश कुटुंब त्या पाहून येई आणि रिकाम्या हातानें घरीं जाई. त्या कुटुंबाची गरज भागविली ती सहकारी भांडारांच्या संघानें. त्या संघानें १९४२ सालीं बोर्गे मोगेन्सेन या रचनाकाराला आपल्या फर्निचर विभागाचा प्रमुख नेमलें. मोगेन्सेन हा क्लिंटचा शिष्य व वेग्नरचा मित्र. श्रेणीच्या प्रदर्शनांत शिकलेलें सगळें त्यानें स्वस्त, यंत्रावर होणाऱ्या सामानांत ओतलें. म्हणजे सुतारांनीं एकोप्यानें वाढविलेल्या विद्येचा लाभ शेवटीं त्यांच्या प्रतिस्पर्धी कारखान्यांनाहि झाला. देशाच्या दृष्टीनें हें चांगलें. सुतारांच्या दृष्टीनें तितकेंसें नव्हे. मजुरी वाढत गेली, यंत्रें सुधारलीं, उमेदवारीस येणारीं मुलें कमी झालीं, आणि एकेका जुन्या दुकानाला टाळें लागलें. १९६६ सालीं श्रेणीचें अखेरचें प्रदर्शन भरलें. चाळीस वर्षांच्या सहवासानें दुकानें वांचलीं असें म्हणतां येणार नाहीं. वांचलें तें कसब.

तें कसें वांचलें हें त्या वेताच्या खुर्चीवरून दिसतें. १९५३ सालीं कोपनहेगनजवळ आलेरोड येथें दोघां भावांनीं पी. पी. मोब्लर नांवाची सुतारशाळा काढली. सेल्सकोंतील ए. पी. स्टोलेनसाठीं वेग्नरच्या आरामखुर्चीचे लांकडी सांगाडे करून देणें, हें त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकीं एक. या नात्यानें वेग्नरचें येणें-जाणें सुरू झालें आणि पुढें तो त्यांच्यासाठींच नव्या आकृत्या काढूं लागला. योहानेस हान्सेनचें दुकान अखेर बंद झालें, तेव्हां १९४९ ची ती खुर्ची करण्याचें काम याच सुतारशाळेकडे आलें. वेग्नर २००७ सालीं वारला. खुर्चीची कमान आलेरोडला अजून तीन तुकड्यांचीच होते, आणि तिचा दातेरी सांधा उघडा ठेवण्यांत येतो.