सायटेशन किती, हे नंतर बघू!

सोनपेठमध्ये बीएस्सीला झूलॉजी घेतलंय? मग कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स तुम्ही पाहिल्याच असतील. सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग कुणाचं हृदय, कुणाचा मेंदू कसा होतो?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे हाच प्रश्न मेंदूबाबत विचारतात. झेवियर्समध्ये शिकून त्या पीएचडीला अमेरिकेत कॅलटेकला गेल्या आणि पुढे परत आल्या. 2008 मध्ये त्यांच्या गटाचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये छापून आला. उंदराच्या गर्भात वेळेत काही पेशींमधून 'एलएचएक्स2' जनुक काढलं, तर त्या पेशी शेजारच्यांना 'हिप्पोकॅम्पस' व्हायला लावतात. आठवणींसाठी लागणारा मेंदूचा भाग तो हाच! 2010 मध्ये त्यांना भटनागर, तर 2014 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

पुढचे संशोधक आपल्या निबंधात अशा कामाचा दाखला देतात, ते सायटेशन. एच-इंडेक्स 10 म्हणजे किमान 10 सायटेशन्स मिळालेले 10 निबंध. पण चूक दाखवायला दिलेला दाखलाही यात मोजला जातो. शिवाय ज्या विषयात माणसंच थोडी, तिथे आकडाही लहानच राहणार.

म्हणून उद्या गाइड निवडताना नुसता आकडा बघून भुलू नका. गूगल स्कॉलर मोबाइलवर फुकट आहे. एखादा निबंध शोधा, 'साइटेड बाय' दाबा आणि तो पुढे कुणाला, कशासाठी उपयोगी पडला ते वाचा. आणि हो, पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा!