पांढऱ्यावर पांढरं

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मग उन्हं तापेपर्यंत कारखान्याच्या फडात मुक्काम. या बाईच्या तब्येतीची चर्चा महाराष्ट्राने जोरात केली ती २०१९ मध्ये. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला, की पाहणी झालेल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आहे. गर्भाशयाबद्दल निदान एवढं तरी विचारलं गेलं. छातीतल्या गाठीबद्दल तेवढंही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या एकीचीही स्तनांची तपासणी कधी झालेली नव्हती, प्रमाण ०.९ टक्के.

आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरांत मॅमोग्राफीची व्हॅनही दिसू लागली आहे. दोन प्लेटांमध्ये स्तन दाबायचा, एक फोटो वरून, एक तिरका, दुसऱ्या बाजूचे तसेच दोन, आणि हातात कागद: नॉर्मल. त्या कागदावर बहुधा आणखी एक ओळ असते, ‘डेन्स ब्रेस्ट’ किंवा ‘टाइप सी’ अशी. ती कोणी वाचून दाखवत नाही. माझ्या मते सगळ्या रिपोर्टमध्ये महत्त्वाची ओळ तीच.

क्ष-किरणाच्या फोटोत चरबी काळी दिसते, दूधग्रंथी आणि तंतू पांढरे. कर्करोगाची गाठही पांढरीच. चरबी जास्त असेल तर गाठ चटकन उठून दिसते. ग्रंथी दाट असतील तर फुटलेल्या कापसाच्या ढिगात पांढरा खडा शोधण्यातला प्रकार. ही घनता हाताला कळत नाही. छाती घट्ट लागली म्हणजे दाट, असं मुळीच नाही. ती फोटोतच दिसते.

दाट स्तन गाठ लपवतो एवढंच असतं, तर प्रश्न निम्मा झाला असता. डेट्रॉइटचे रेडिऑलॉजिस्ट जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये फोटोंचे चार प्रकार पाडून मांडलं, की दाट स्तनात कर्करोग होतोही अधिक. बरीच वर्षं त्यांच्यावर फार कुणाचा विश्वास बसला नाही. डोळ्यांनी पाडलेले प्रकार, डॉक्टरागणिक बदलणार. मग टोरंटोत नॉर्मन बॉइड आणि भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन याफे यांच्या गटाने संगणकावर मोजमाप बसवलं: एक रेघ स्तनाच्या कडेची, एक उंबरठा पांढऱ्या भागाचा, आणि दोहोंच्या क्षेत्रफळाची टक्केवारी. बॉइड यांनी २००७ मध्ये दाखवलं, की ७५ टक्के किंवा अधिक घनता असलेल्या बाईचा धोका १० टक्क्यांच्या आतलीपेक्षा सुमारे पावणेपाच पट असतो. पुढे न्यूझीलंडच्या व्होल्पारासारखी सॉफ्टवेअर आली. ती क्षेत्रफळाऐवजी घनफळ काढतात: किरण किती शक्तीचा, प्लेटांमधली जाडी किती, पलीकडे पोचला किती. रेडिऑलॉजिस्ट मात्र आजही ए, बी, सी, डी (डी सर्वांत दाट) या चार अक्षरांत बोलतात, आणि बी की सी यावर दोन जाणकारांचं सहज दुमत होतं.

आता हे माप शिरूर कासारच्या बाईला लावून बघू. टक्केवारी म्हणजे भागाकार. खाली चरबीसकट अख्खा स्तन. फडात मोळ्या वाहून वाळलेल्या बाईच्या अंगावर चरबीच कमी, म्हणून ग्रंथी बेताच्या असल्या तरी टक्का वर जातो. उलट लवकर लग्न, लवकर आणि जास्त बाळंतपणं यांनी घनता उतरते. पाळी गेल्यावर आणखी उतरते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर ऐन पस्तिशीतच. तेव्हा वजन, बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया विचारल्याशिवाय नुसत्या ‘डी’ अक्षरावरून या बाईच्या धोक्याबद्दल बोलणं हे अर्धवट काम आहे. फोटोत गाठ झाकली जाण्याची भीती मात्र वजन विचारून कमी होत नाही. त्यात आपल्याकडच्या रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्यांपेक्षा सरासरीने दहाएक वर्षांनी तरुण. याला मुळात आपली लोकसंख्याच तरुण आहे हेही एक कारण. पण गाठ घेऊन येणारी चाळिशीची असणार आणि चाळिशीत स्तन दाट असणार, हे धरूनच चालायला हवं.

अमेरिकेत या ओळीसाठी एका बाईने कायदा करून घेतला. कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांची मॅमोग्राफी वर्षानुवर्षं नॉर्मल येत होती. २००४ मध्ये निदान झालं तेव्हा रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला होता. स्तन दाट आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या पाठपुराव्याने २००९ मध्ये त्या राज्याने घनता सांगणं बंधनकारक केलं. देशभर तो नियम सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. कॅपेलो २०१८ मध्येच गेल्या होत्या.

सांगितलं, पण पुढे काय? नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तनांच्या ४०,३७३ बायकांवर प्रयोग झाला. ज्यांना एमआरआयला बोलावलं, त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मध्येच उघड होणारे कर्करोग हजारी ५ वरून अडीचवर आले. एमआरआय आपल्या तालुक्याला परवडणारा नाही. जपानचा प्रयोग आपल्याला जवळचा: चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या ७२,९९८ बायका, निम्म्यांना मॅमोग्राफीबरोबर सोनोग्राफी. असलेला कर्करोग तपासणीत सापडण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ वर गेलं. सोनोग्राफीत दाट ग्रंथी पांढरट आणि गाठ बहुतेकदा काळसर दिसते, म्हणून ती नजरेला येते.

आणि सोनोग्राफी म्हटलं की बीड जिल्ह्यात वेगळाच इतिहास उभा राहतो. २०११ च्या जनगणनेत इथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. पुढच्याच वर्षी परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. तेव्हापासून या जिल्ह्यात सोनोग्राफीच्या यंत्रावर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नजर अधिकच कडक आहे, आणि ती असायलाच हवी. यंत्र कुठे ठेवलंय, कोण वापरतं, सगळ्याची नोंद. उचललं आणि गाडीत घालून तांड्यावर नेलं, असं चालत नाही. स्तनासाठी लागणारा प्रोब पोटाच्या प्रोबपेक्षा वेगळा, वरवरचं बारकाईने दाखवणारा असतो, पण तो ज्याला जोडायचा ते यंत्र तेच. कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. बायकांना यंत्रापर्यंत आणायला गाडी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आणायचं कुणाला, हे ठरवायला हात पुरतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचे २०२१ मधले निष्कर्ष असे: पुढच्या टप्प्यात सापडणारे रुग्ण ४७ टक्क्यांवरून ३७ वर, पन्नाशीपुढच्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मृत्यूत फरक दिसला नाही. म्हणजे जिथे फोटो अडतो त्याच वयात नुसता हातही कमी पडतो. सोनोग्राफी लागते ती नेमकी इथे.

हे मुंबईचं झालं, खेड्यात कसं जमेल, असं कुणी म्हणेल. बीडच्या शिवेला भूम तालुका लागतो. बार्शी, परांडा आणि भूममधल्या ३४६ गावांत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची माणसं गावात जाऊन, लोकांत बसून लक्षणं विचारत. त्याच जोरावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी सव्वा लाखावर बायकांत झाली आणि २००९ मधले तिचे निष्कर्ष जगभर वापरले गेले.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. शिरूर कासारला ती करायची तर दिवाळीनंतर येऊन उपयोग नाही. घरी म्हातारी माणसंच भेटतील. पोळा ते दसरा हा काळ धरावा. हाताला संशय आला किंवा कागदावर सी-डी आलं, की त्याच आठवड्यात सोनोग्राफी. मुकादमाची गाडी दारात लागली की पुढची तारीख थेट चैत्र-वैशाखातली.